एक मशीन, दोन भाव

लातूरच्या डाळ मिलमध्ये मी जी मशीन चालवते, तिच्या आवाजाने औशाच्या किल्ल्यावरची कबुतरं दर हंगामाला घर बदलतात. औसा आमच्या मिलपासून चांगलं लांब आहे हे मला माहीत आहे, पण कबुतरांना ते कोण सांगणार. धूळ म्हणाल तर संध्याकाळी माझा पदर नुसता उकळत्या पाण्यात बुडवून वरून फोडणी दिली तरी चार माणसांचं वरण व्हावं. एकदा मी मिलच्या आवारात शिंकले आणि आठवड्याने तिथल्या भिंतीतून तुरीचं रोप वर आलं. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. शेंगा लागल्यात.

निवडणीच्या बायकांना मी असलंच काहीतरी सांगत असते. त्यांचे हात चालतात, माझं तोंड चालतं, दिवस ढकलला जातो. आता जे सांगणार आहे त्यात मात्र तिखट-मीठ बेतानंच घातलंय. फार घालायची गरजच पडली नाही.

आधी मशीन समजून घ्या. डाळ वरून धबधब्यासारखी पडते. मशीनच्या पोटात कॅमेरे आहेत, ते दाण्यादाण्याचं तोंड बघतात आणि डागी दाणा दिसला की हवेची फुंकर मारून त्याला बाजूला उडवतात. सोयरीक बघायला आलेल्या आत्याबाईसारखी मशीन आहे ती, एक काळा ठिपका तिला खपत नाही. चालवणाऱ्यानं काचा पुसायच्या, हवेचा दाब बघायचा, मूठमूठ डाळ हातात घेऊन चांगला माल उडून चाललाय का, डागी माल सुटतोय का हे तपासायचं आणि पडद्यावरची बटणं त्याप्रमाणे मागंपुढं करायची. सकाळच्या पाळीला हे मी करायचे. दुपारच्या पाळीला माझा नवरा.

आमचा निम्मा संसार पाळीच्या बदलीत झाला. तो यायचा, घराची किल्ली माझ्या हातात द्यायचा. मी काच पुसायचं फडकं त्याच्या हातात द्यायचे. तेवढ्यात भांडणही उरकून घ्यायचं. मशीनच्या आवाजात शिव्या ऐकू येत नाहीत, त्यामुळे आमचं भांडण बघणाऱ्याला नवरा-बायको गाणं म्हणतायत असं वाटायचं.

मिलमध्ये यायच्या आधी आम्ही कोयता होतो. नवरा-बायको जोडीनं ऊसतोडीला जातात आणि त्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. आगाऊ पैशाची उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा, पैसे नवऱ्याच्या हातात. माझ्या सासूनं जिंदगीभर इतका ऊस तोडला की तो एकापुढं एक ठेवला तर चंद्राला वळसा घालून औशाच्या बसस्टँडवर येऊन टेकेल. त्यांना विचारलं, आत्याबाई, तुम्हाला किती मिळायचं, तर त्या म्हणायच्या, "आमच्या कोयत्याला" आणि आकडा सांगायच्या. त्यातलं त्यांचं किती, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

मिलमध्ये आम्हाला आणलं ते ऊसतोडीच्या मुकादमानंच, आमच्यासारख्या बऱ्याच जोड्यांना. कोयता शेतात राहिला, रिवाज मात्र आमच्याबरोबर ट्रकमध्ये चढून आला. आठवड्याला मुनीम दोघांची मजुरी एकत्र नवऱ्याच्या हातात ठेवायचा. मी आधी निवडणीला होते. सकाळचा मशीनवाला पुण्याला पळाला तेव्हा शेठ मला म्हणाले, "दोन दिवस तू बघ." ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

माझं माहेर हदगावकडचं, पण थोरली बहीण नांदेडात असते. सफाईच्या कामावर कायम आहे. तिच्या नातवाच्या बारशाला गेले होते. भांडी घासताना ती सहज म्हणाली, "आमच्या रस्त्याची ही बाजू मी झाडते, ती बाजू एक माणूस झाडतो. दोघांना पगार सारखा. कायदाच हाय तसा. तुला किती मिळतं?"

"आमच्या दोघांचं मिळून..."

"दाजीचं न्हाई इचारलं. तुझं."

मी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. मला माहीतच नव्हतं. कंडक्टरशी वाद घालून एस.टी. दोनदा मागं घ्यायला लावलेली बाई मी, नांदेडपासून लोह्यापर्यंत, लोह्यापासून अहमदपूरपर्यंत आणि तिथून लातूरपर्यंत एक अक्षर बोलले नाही. शेजारच्या म्हातारीनं मला दवाखान्याचा पत्ता सांगितला.

दुसऱ्या दिवशी किल्ली घेताना नवऱ्याला विचारलं, "आवं, माझी मजुरी किती?"

"तुझी म्हंजे?"

"माझी म्हंजे माझी."

त्यालाही आठवावं लागलं. डोकं खाजवत त्यानं आधी त्याची सांगितली, मग माझी. त्याची माझ्या दीडपट होती. तीच मशीन, तोच स्टूल, तेच फडकं.

"कामून?" मी विचारलं.

"मला काय माहीत. शेठला इचार."

मग शेठला विचारलं. आमचे शेठ वाईट माणूस नाहीत. बोलायला तर इतके गोड की त्यांच्या टेबलावरच्या मुंग्या साखरेच्या डब्याकडं बघत नाहीत. म्हणाले, "बाई, तो मशीनमन आहे. तू हेल्पर."

"हेल्पर कुणाची, शेठ? माझ्या पाळीला तिथं दुसरं कुणी नसतं."

"तो पोती उचलतो."

"पोती हमाल उचलतात. ह्यांनी पोतं उचललं तर हमालांना पोतं सोडून ह्यांना उचलावं लागंल."

शेठ हसले, चहा मागवला. "हे बघ, घर एक, चूल एक. ह्या खिशात आले काय अन् त्या खिशात आले काय. तुला काही कमी पडतं का?"

"मग असं करा," मी म्हणाले, "माझा भाव ह्यांना लावा, ह्यांचा मला लावा. घर तर एकच हाय."

शेठचा कप ओठापर्यंत आला होता, तिथंच थांबला. चहावर साय धरली. शेवटी म्हणाले, "जा, मशीन रिकामी चालतीय."

मी बारावीपर्यंत शिकलेली आहे, अर्ज लिहिता येतो. कामगार खात्याच्या हापिसात नेऊन दिला. तिथल्या मॅडम पुण्याकडच्या, वयानं लहान, पण वाचताना मान वर न करणाऱ्या. वाचून म्हणाल्या, "चौकशीला येईन. काम सारखं आहे हे दिसलं तर पगार सारखा द्यावा लागेल."

मिलमध्ये बातमी माझ्या आधी पोचली. पुरुषमंडळींनी हिशेब काढला की हिचं वाढवायचं म्हणजे आपलं कापणार. कुणी नवऱ्याला म्हणालं, "काय राव, बायकोनं तुमच्यावरच केस ठोकली म्हनं." नवरा काच पुसत राहिला. घरी आल्यावर मात्र ताट बाजूला सारून म्हणाला, "तुझ्या तोंडानं आजवर नुसतं हसवलं आम्हाला. आता भाकर घालवणार तेच तोंड."

बायकांपैकी एकच माझ्या बाजूनं होती. हिमायतनगरकडची, माझ्या आधीपासून मिलमध्ये असलेली. ती आणि तिचा नवरा शेजारी शेजारी बसून शिलाईच्या मशीनवर भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायचे. दोन मशीनी, एकच काम. ती म्हणाली, "मी सांगते मॅडमला. भ्यायचं कामून? खरं तर सांगायचं हाय." बाकीच्यांनाही मी तेच बजावलं. घाबरू नका, खरं सांगा.

मॅडम आल्या, शेठच्या हापिसात कूलरसमोर बसल्या आणि एकेका बाईला आत बोलावलं. हिमायतनगरवाली पहिली गेली. बाहेर आली ती तालुक्याचं इलेक्शन जिंकल्यासारखी. "सांगितलं," म्हणाली. "खणखणीत." तिच्यामागं एकेक जण गेली, एकेक जण खणखणीत सांगून आली. मला वाटलं, झालं काम. मनातल्या मनात मी त्या पैशाची सोन्याची फुलं करून कानात घातली, आरशात बघितली आणि बहिणीला दाखवायला नांदेडला जाऊनसुद्धा आले.

शेवटी मला बोलावलं. मॅडम कागदाकडं बघत होत्या. शेजारी शेठ पाणी पीत होते, ग्लास रिकामा झाला तरी पीत होते.

"तुमची तक्रार मला कळत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "इथल्या सगळ्या बायका सांगतात त्याप्रमाणे त्यांना पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट मजुरी मिळते."

आपण इतके दानशूर आहोत हे शेठला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

मग मला एकदम सगळं दिसलं. प्रत्येकीनं घरात येणारे पैसे सांगितले होते. नवऱ्याचे आणि स्वतःचे मिळून. दुसरा आकडा त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता. नांदेडला मोरीशी बसून मी जे केलं होतं, तेच.

"मॅडम, ह्या खोटं न्हाई बोलल्या," मी म्हणाले. "ह्यांनी जोडीचं सांगितलं." आणि मग कोयता म्हणजे काय ते सांगितलं. सासूचंही सांगितलं, चंद्राचा वळसा तेवढा गाळला. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे ह्यांना स्वतःची मजुरी माहीत नाही?"

"मला पण न्हवती."

त्यांनी दारातून बाहेरच्या बायकांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मी पुन्हा येते. तोवर प्रत्येकीनं स्वतःची विचारून ठेवायची. आणि पुरुषांनाही सांगा, बाईचं वाढवायला पुरुषाचं कमी करता येत नाही. तसं केलं तर तोही गुन्हाच."

त्या दिवशी दुपारी पाळी बदलताना मिलच्या गेटवर जे झालं ते लातूरनं याआधी बघितलं नसेल. एकाच वेळी सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्याला एकच प्रश्न विचारला. गेटवर इतकी शांतता झाली की धूळ खाली बसल्याचा आवाज आला.

हिमायतनगरवालीचा नवरा पानाची पिचकारी टाकून म्हणाला, "तुला काय करायची? माहेरी धाडायची का?"

"मॅडमला सांगायची हाय."

"मॅडमला सांग, तुझी मजुरी मी खाल्ली."

सगळे पुरुष हसले. ती हसली नाही. "खाल्ली तर खाल्ली. किती खाल्ली तेवढं सांगा."

हसणं तिथंच थांबलं. त्यानं आकडा सांगितला नाही, सायकल काढून निघून गेला. दुसऱ्या एकीचा नवरा खरोखरच गोंधळला. त्याला पैसे कधी वेगळे करून दिलेलेच नव्हते, तो मुनिमाला विचारायला परत आत गेला. एक म्हातारा म्हणाला, "आमच्या इतक्या वर्साच्या संसारात हिनं मला आजवर फक्त भाजी काय करू हेच इचारलं." त्याची बायको म्हणाली, "ते बी तुमी कधी सांगितलं न्हाई."

इकडं शेठनं माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. हे मला हमालांकडून कळलं. शेठनं त्याला पढवलं, मॅडमनी विचारलं तर सांगायचं की मशीन बिघडली की मीच दुरुस्त करतो, बायकोला त्यातलं काही कळत नाही. मग शेठ त्याला फोरमन करणार होते. नवऱ्यानं घरी यातलं काही सांगितलं नाही. जेवताना मी विचारलं, "मॅडमला काय सांगणार?"

"जे हाय ते."

"काय हाय?"

"जेव आता."

मी जेवले. पण तो घास गिळायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात उसाचा एक फड तोडून झाला असता. मला नुसत्या पैशाची काळजी नव्हती. मशीन मी चालवते, ही एक गोष्ट ह्या जगात ठामपणे सांगू शकणारा माणूस तोच होता. त्यानं नाही म्हटलं असतं तर माझ्या बोलण्याला कोण विचारतंय. शिंकून भिंतीत तूर रुजवणारी बाई मी.

मॅडम दुसऱ्यांदा आल्या. बायकांनी ह्या वेळी स्वतःचे आकडे सांगितले. काहींनी "ते सांगतील" म्हणून नवऱ्याकडं बोट केलं. हिमायतनगरवालीनं सांगितला तो आकडा तिनं मुनिमाच्या डोक्यावर उभं राहून काढला होता. मग माझ्या नवऱ्याला बोलावलं. मी दारातच उभी होते, कुणी हाकललं नाही.

"तुम्ही मशीनवर जे करता, तेच तुमची बायको करते का?"

नवऱ्यानं शेठकडं बघितलं. मग कूलरकडं बघितलं. मग हातातलं काच पुसायचं फडकं घडी घालून गुडघ्यावर ठेवलं.

"तसं न्हाई, मॅडम," तो म्हणाला.

माझ्या पायाखालची फरशी मिलच्या गेटबाहेर गेली.

"सकाळी ती जे लावून देती, त्येच मी दुपारी चालवतो. बटनाला हात लावायची येळच येत न्हाई. ती करती त्येच मी करतो."

"आणि बिघडली तर?"

"कंपनीचा माणूस येतो. आम्हा दोघांना बी त्यातलं कळत न्हाई."

शेठच्या टेबलावरच्या मुंग्या साखरेच्या डब्याकडं निघून गेल्या.

मला दुपारच्या पाळीइतकाच भाव द्यायचा आणि तो माझ्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करायचा, असा आदेश झाला. अर्ज माझा एकटीचाच होता, बाकीच्यांचं मॅडम पुढं बघणार होत्या. नवऱ्याचा भाव कमी झाला नाही, पण फोरमनही कुणी झालं नाही. तो दिवस मी मिरवत घालवला. संध्याकाळी मात्र नवरा बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाळी बदलताना किल्ली हातात द्यायच्या ऐवजी स्टुलावर ठेवायला लागला. माझ्यासाठी खरं बोललेला माणूस माझ्यावरच रुसला होता आणि त्याला काय म्हणावं हे मला कळत नव्हतं. गप्प राहणं मला जमत नाही, पण ते दिवस मी गप्प राहिले.

मग शेठनं मिलची मांडणी बदलली. आरडाओरडा नाही, धमकी नाही. एका सोमवारी हिमायतनगरवालीच्या नवऱ्याला शिलाईवरून गोदामात पाठवलं आणि शिलाईच्या दोन्ही मशीनींवर बायका बसवल्या. चाळणीवर सगळ्या बायकाच, वजनकाट्यावर सगळे पुरुषच. कामावरून कुणाला काढलं नाही, भावही कुणाचा कापला नाही. नुसतं असं केलं की माझी मशीन सोडली तर मिलमध्ये एकही काम असं राहिलं नाही जे बाई आणि बाप्या दोघंही करतात.

मी पुन्हा मॅडमकडं गेले. त्यांनी ह्या वेळी मान वर केली.

"तुमचं झालं, कारण तुमच्या मशीनवर तुमचा नवरा होता," त्या म्हणाल्या. "आता शिलाईवाल्या बाईची तुलना मी कुणाशी करू? शेजारी पुरुषच नाही."

"काल होता की, मॅडम."

"काल होता. मी लिहिते वरती. पण वेळ लागेल."

मिलमध्ये येऊन मी हे बायकांना सांगितलं. कुणी मला दोष दिला नाही, पण माझ्याभोवती बसायच्या त्या थोड्या लांब बसायला लागल्या. हिमायतनगरवालीच्या नवऱ्याचं गोदामात पटेना. त्याला धुळीचा त्रास आधीचाच, तिथं दम लागायला लागला. तो म्हणाला, पुन्हा कोयत्यावर जाऊ, मोकळी हवा तरी हाय. ती मला म्हणाली, "तू मशीनवाली झालीस. आमी हाय तिथंच." ते ती रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती डब्यातली चटणी मला वाढता वाढता म्हणाली.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला तेव्हा औशाच्या रस्त्यावर ट्रक लागले. मी तिला सोडायला गेले. ती आधीच चढलेली होती, भांड्यांच्या गाठोड्यावर बसलेली. नवरा खाली मुकादमाशी उचलीचं बोलत होता.

"मी मुकादमाला इचारलं," ती वरून म्हणाली.

"काय?"

"माझी किती म्हनून."

"मग?"

"हसला. म्हणला, अर्ध्या कोयत्याला भाव नसतो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर इचारलं. त्याच्या मागच्या जोड्यांनी बी ऐकलं."

ट्रक निघाला. मी मिलमध्ये पोचले तेव्हा माझी पाळी कधीच सुरू झालेली होती आणि मशीन नवरा चालवत होता. त्यानं फडकं माझ्या हातात दिलं, किल्ली खिशातून काढली, स्टुलाकडं बघितलं आणि मग ती माझ्या हातात ठेवली. "गेली का?" म्हणाला. मी मान हलवली.

बायकांनी विचारलं, ट्रकवर काय झालं. मी गोष्ट सुरू केली. तिनं मुकादमाचा असा गळा धरला, मी म्हणाले, असा उचलला की त्याचं धोतर लामजन्याच्या पुढं कुठं झाडाला जाऊन लटकलं आणि मुकादम तसाच वर, ट्रकच्या वर, विजेच्या तारेच्या वर.

बायका थांबल्या होत्या, हातात डाळ घेऊन. मला मात्र ती भांड्यांच्या गाठोड्यावर बसलेलीच दिसत होती, पुढचं काही सुचेना. थोडा वेळ वाट बघून त्या खाली मान घालून निवडायला लागल्या.